उंबऱ्याच्या आतली वाजंत्री

माझी स्मरणशक्ती तशी यथातथाच आहे. गॅसवर ठेवलेलं दूध विसरते, चष्मा डोक्यावर सरकवून घरभर शोधत फिरते. पण कुणी माझा अपमान केला, तर तो मात्र साडीच्या काठासकट लक्षात राहतो. वैजापूरच्या बाई आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती, आणि पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बशीच्या कडेला काढून ठेवले होते. त्याला आता साडेसहा वर्षं झाली.

त्या मला पाहायला आल्या होत्या. सोबत त्यांचे यजमान, एक थोरले दीर आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो मुलगा. वैजापूरला त्यांची कांद्याची आडत आणि बरीच जमीन. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनियर, त्याच्यासाठी गारखेड्यात बंगला आधीच बांधून ठेवलेला. आमचं मूळ गाव पाचोड. तिथली शेती काका बघतात, बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि आम्ही सिडकोत दुसऱ्या मजल्यावर. स्थळ आमच्या मानानं चांगलंच वरचढ होतं. आईनं त्या दिवसासाठी नवे पडदे लावले होते.

हॉलच्या कोपऱ्यात माझा हार्प उभा होता. आईनं सकाळीच त्याच्यावर चादर टाकली होती, पण एवढी उंच वस्तू चादरीखाली लपत नाही, उलट जास्तच डोळ्यांत भरते. छावणी भागात एक वयस्कर बाई राहायच्या, चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. अकरा वर्षांची असताना मी त्यांच्याकडं पियानो शिकायला गेले आणि त्यांच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या हार्पला चिकटले ती कायमची. पुढं गोव्याला भावाकडं राहायला जाताना त्यांनी तो मलाच देऊन टाकला. चौतीस तारा. खांद्याला टेकवून धरायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायचा. नुसता कूलर लावला तरी त्याचे सूर उतरतात, म्हणून वाजवायच्या आधी सगळ्या तारा एकेक करून जुळवाव्या लागतात. आमच्या गल्लीत त्याला कुणी वीणा म्हणायचं, कुणी उभी सतार.

वैजापूरच्या बाईंनी बशी खाली ठेवली, पदरानं ओठ टिपले, उठल्या आणि सरळ जाऊन चादर उचलली.

"हे काय ओ? पैठणीचा माग व्हय?"

"नाही, वाद्य आहे," बाबा कौतुकानं म्हणाले. "हार्प म्हणतात. आमची मुलगी वाजवते. मोठ्या हॉटेलांत, लग्नांत कार्यक्रम असतात तिचे."

"लग्नात वाजविती?"

"बोलावतात ना लोक. लांबून लांबून बोलावतात."

बाईंनी चादर सोडून दिली आणि त्या हसल्या. हसल्या म्हणजे काय, आडतीवर भिजलेला कांदा दाखवल्यावर व्यापारी हसतो तशा हसल्या. "वाजंत्री दारात बसतेत ओ पाव्हणे," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत नाय."

आता खरं सांगायचं तर मला 'वाजंत्री' हा शब्द लागला नाही. लग्नात वाजवते ती वाजंत्रीच. ज्यांच्या सनई-चौघड्याशिवाय यांच्या घरातलं एक कार्य पार पडत नाही, त्यांना उंबऱ्याबाहेर बसवून वर त्याचा तोरा मिरवायचा, याची मला चीड आली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा घाईघाईनं म्हणाले, "सोडील की ती. लग्नानंतर सोडून देईल." मला न विचारता म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि ती आग निम्मी त्या बाईंवर होती, निम्मी माझ्या बापावर.

सोडून देईल म्हणूनही उपयोग झाला नाहीच. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला: मुलगी चांगली आहे, पण वाजविती. मी त्या वेळी बशा विसळत होते. त्यातली शेंगदाणेवाली बशी कुठली, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती घासता घासता मी मनाशी ठरवलं की या बाईच्या तोंडून एक ना एक दिवस 'वाजवा' वदवून घेईन. चारचौघांत. माझ्यापुढं हात जोडून. पोरकट वाटेल, पण माणसाला जगायला असलं काहीतरी लागतं.

त्यानंतर मी दाखवून घेण्याचे कार्यक्रम बंद केले. बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. महिन्याभरानं ते छावणीतल्या एका सुताराकडून बावीस तारांचा एक छोटा हार्प बनवून घेऊन आले, सागवानी, थोडा वाकडा, मासे धरायच्या दोऱ्याच्या तारा लावलेला. "शिकवायला होईल तुला," एवढंच म्हणाले. ते त्यांचं माफी मागणं होतं, हे मला कळलं. मी मात्र लगेच माफ केलं नाही. माझा तो स्वभावच नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यातलं एक काम आलं. ज्या मुलीमार्फत मला लग्नांची बोलावणी येतात, सजावटीपासून वरातीपर्यंत सगळं बघणारी, तिचा फोन आला. "ताई, बीड बायपासचं लॉन. दुपारचं लग्न आणि लगेच रिसेप्शन. नवरीनं अख्ख्या लग्नात एकच गोष्ट मागितलीय. लग्न लागताना बँड नको, डीजे नको, सनईची टेपसुद्धा नको. फक्त हार्प." मला ती नवरी तिथंच आवडली. कुणाचं लग्न, हे मी कधी विचारत नाही.

हार्प आमच्या जुन्या व्हॅनमध्ये आडवा घालून नेतात बाबा. चालवतातही तेच. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला चालतो तो फक्त त्यांनी. लॉनच्या कमानीपाशी त्यांनी अचानक ब्रेक दाबला. कमानीवर झेंडूच्या फुलांत दोन आडनावं लिहिली होती. पहिलं आडनाव आणि त्याखाली 'वैजापूर'. दुसरं होतं देवगाव रंगारीचं.

"त्याच मुलाचं असंल?" मी विचारलं.

"त्यांना एकच मुलगा," बाबा म्हणाले. म्हणजे साडेपाच वर्षं मुलीच बघत होते तर. मला हसू आलं. बाबांना नाही आलं. "चल, माघारी फिरू," ते म्हणाले. "पोटात दुखायलंय म्हणून सांगू."

"कुणाच्या?"

"माझ्या म्हण."

"मी वाजवायला आलेय. वाजवूनच जाणार."

माझा हा आवाज ते ओळखून आहेत. त्यांनी मुकाट्यानं व्हॅन आत घेतली.

मुख्य मंचाच्या उजव्या हाताला माझ्यासाठी एक ठेंगणं चौरंगासारखं व्यासपीठ केलं होतं. बाजूला पाण्याचे मोठे कूलर ढणाढणा चालू. मी तारा जुळवत बसले होते तेव्हा त्या आल्या. या वेळी डाळिंबी शालू, अंगभर सोनं. माझ्यापुढं उभं राहून त्यांनी हार्पकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर वळवली नाही. ओळखू दे म्हटलं, बघूच.

"हे काय, माग मांडला व्हय?" त्या म्हणाल्या.

साडेपाच वर्षांत बाईंना दुसरी उपमा सुचली नव्हती. आणि मला त्यांनी ओळखलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत ओळखीचा मागमूस नव्हता. मला वाटलं होतं, माझ्या जिवाला जो घोर लागलाय त्याचा थोडा तरी अंश त्यांच्याकडं असेल. मग मी जास्तच पेटले.

"हे बघ बाई," त्या म्हणाल्या, "आमच्यात वाजंत्री वाजल्याबिगर हार पडत नाय. गुरुजी वाजवा म्हनले की लगेच वाजवायचं. खोळंबा नगं. आन् तुमचं जेवन मागल्या अंगाला हाय, बँडवाल्यांच्या संगं. हिकडं पाव्हण्यांत नगं."

"हो," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी सगळं माझ्या डोक्यात उभं राहिलं. ज्यांनी कधी आपलं लग्न पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरा-नवरी समोरासमोर पाटावर उभे असतात, मधे अंतरपाट, दोघांच्या हातांत हार. मंगलाष्टकं संपली, शेवटचं 'सावधान' झालं, की अंतरपाट बाजूला होतो आणि गुरुजी मोठ्यानं ओरडतात, "वाजवा रे वाजवा!" मग वाजंत्री वाजतात आणि हार पडतात. बँड नवरदेवाला दारापर्यंत पोचवून जेवायला गेलेला. टेप नाही, सनई नाही. त्या अख्ख्या मांडवात वाजणारी एकच वस्तू होती आणि ती माझ्या खांद्याला टेकलेली होती. मी वाजवलं नाही, तर? गुरुजी म्हणतील तेव्हा नाही वाजवणार. त्या म्हणतील तेव्हाच वाजवणार.

मुहूर्त साडेबाराचा होता. तो कुणीच पाळणार नव्हतं. आधी पुढाऱ्यांचे सत्कार सुरू झाले. वैजापूरचे, कन्नडचे, शहरातले. प्रत्येकाला फेटा, शाल, हार. मग प्रत्येकाचे दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांत जायकवाडीच्या पाण्यापासून येत्या निवडणुकीपर्यंत सगळं. पोरं रडायला लागली, म्हाताऱ्यांनी मुठीतल्या अक्षता पिशवीत परत टाकल्या. पाऊण तास मी तारा पुन्हा पुन्हा जुळवत बसले. कूलरच्या ओल्या हवेनं त्या उतरत होत्या, मी चावी फिरवून त्यांना पिळत होते. एरवी याचा मला वैताग येतो. त्या दिवशी बरं वाटलं. एकेका तारेला पीळ देताना मी मनात वैजापूरच्या बाईंचं नाव घेत होते.

नवरी मंचावर आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. नवऱ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असावी. तिच्या येण्याला मी भूप वाजवला, हलका, सगळा जीव ओतून, कारण तिचा काही दोष नव्हता. येताना तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हसली नाही, नुसतं पाहिलं. नवरदेव आधीच उभा होता. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले. त्यानंही मला ओळखलं नाही. तो त्या दिवशीही आमच्याकडं मोबाईलमध्येच बघत बसला होता म्हणा.

मंगलाष्टकं झाली. मामांनी अंतरपाट खाली घेतला. अक्षतांचा पाऊस पडला. गुरुजींनी माईक तोंडाशी नेला आणि ओरडले, "वाजवा रे वाजवा!"

मी दोन्ही तळहात तारांवर आडवे ठेवले.

एवढ्या लोकांत एकदम शांतता पसरते तेव्हा काय काय ऐकू येतं! कूलरची मोटर. मागं कुणाच्या तरी हातातून पडलेला पेला. गुरुजींना वाटलं, मला ऐकू गेलं नसेल. "वाजवा, वाजवा!" ते पुन्हा म्हणाले, या वेळी माझ्याकडं हात करून. माना वळल्या. इव्हेंटवाली मुलगी खांबाआडून डोळे मोठे करून खुणा करत होती. मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी फक्त डाळिंबी शालूकडं बघत होते.

मंचावर नवरदेव मान वाकवून उभा होता, हार गळ्यात पडेल म्हणून. हार पडत नव्हता. नवरीनं आपला हार छातीपर्यंत खाली आणला होता आणि ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मग तिचा एक पाय पाटावरून घसरल्यासारखा खाली आला. मला वाटलं, बिचारी घाबरली, तोल गेला. तिच्या मामानं मागून तिचा दंड धरला. मला तिचं वाईट वाटलं, पण थांबावंसं वाटलं नाही. अजून दोन श्वास, मी म्हटलं.

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अपशकुन झाला गं बाई." हे शब्द जिथं पोचायला हवे होते तिथं पोचले. वैजापूरच्या बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. त्या आधी हातानं खुणावू लागल्या. मी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं दाखवलं. मग त्यांनी गुरुजींच्या हातातला माईक ओढून घेतला.

"वाजवा ओ बाई! वाजवा की! हात जोडते तुमच्यापुढं!"

आणि खरोखरच जोडले. माईक बोटांत धरूनच जोडले, त्यामुळं बांगड्यांचा आवाजसुद्धा लाऊडस्पीकरमधून पार बायपासच्या रस्त्यापर्यंत गेला. 'वाजव' नाही, 'वाजवा' म्हणाल्या. मघाचं 'हे बघ बाई' एका क्षणात 'ओ बाई' झालं. मी मोजून एक श्वास आणखी घेतला, तो सगळा माझा स्वतःचा, आणि मग हात उचलून खालच्या जाड तारेपासून वरच्या बारीक तारेपर्यंत असा काही सूर सोडला की मांडव दणाणला. हार पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसत होते. फोटोत आलंय ते.

त्यानंतर रिसेप्शनचे दोन तास मी जे वाजवलं तसं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. बोटं हलकी झाली होती. बाबा मागं गेटपाशी उन्हात उभे होते ते सरळ आत चालत आले आणि पहिल्या रांगेत, पुढाऱ्यांसाठी राखलेल्या पांढऱ्या सोफ्यावर पाय लांब करून बसले. तिथल्या स्वयंसेवकानं काहीतरी म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, "मी वाजंत्रीचा बाप आहे." त्या दिवशी मी त्यांना माफ केलं.

पण माझं पोट अजून भरलं नव्हतं. गर्दी ओसरल्यावर बाई मंचावरून उतरल्या आणि माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता भांडतील, आणि मी त्याचीच वाट बघत होते.

"तवा काय झालतं गं? मशीन बंद पडलं व्हतं काय?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही आमच्याकडं पोहे खाल्ले होते," मी म्हणाले. "सिडकोत. साडेपाच वर्षांपूर्वी. मला पाहायला आला होतात."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. खरंच प्रयत्न केला त्यांनी. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आसंल. लई ठिकाणी खाल्ले बाई पोहे. कुठं कुठं ध्यानात ठिवावं?"

एवढंच. मी जे साडेपाच वर्षं उरात जपून ठेवलं होतं, ते त्यांच्याकडं नव्हतंच कधी. मी त्यांना काय परत करणार होते? मी चावी पिशवीत टाकली. इतका राग मला त्या पोह्यांच्या दिवशीसुद्धा आला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ताई, तुम्ही शिकवता का हो?" नवरी होती. हातभर हिरवा चुडा, हळदीचे हात. "मला शिकायचंय."

आजूबाजूला पाहुणे होते, कॅमेरावाला होता, तिच्या माहेरची माणसं होती. सासूबाईंना तिथं नाही म्हणता येईना. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. उंबऱ्याच्या आत नाय, म्हणे. आता बघच. "शिकवते की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दर शनिवारी या. आणि घरी सराव करायला छोटा हार्पही देईन. फुकट."

तर अशी मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत वाजंत्री बसवली. बाबांनी स्वतः तो सुतारानं केलेला वाकडा हार्प व्हॅनमध्ये घालून गारखेड्याच्या बंगल्यावर नेऊन पोचवला. लग्नापासून बाईही तिथंच राहायला आल्या होत्या. त्याचा आवाज गोड नाही, पण लांबवर जातो. मी नवरीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, सराव पहाटेच करायचा, साडेपाचला, दार उघडं ठेवून, आणि एकच पलटा, म्हणजे तीच ती स्वरांची ओळ, चाळीस वेळा. यात शास्त्र काही नाही. निव्वळ खुन्नस आहे. दर शनिवारी ती जिना चढून आली की मी पहिलं विचारायची, "सासूबाई काय म्हणाल्या?"

"कानात कापूस घालून झोपतेत," ती सांगायची. किंवा, "काल म्हनल्या, ह्या घराला काय झालंय देवच जाणे." मी चहात साखर जास्त घालायची. असले आठ-नऊ महिने माझे फार सुखात गेले.

तिची बोटं सुरुवातीला जड होती, पण ती चिवट निघाली. बोलायची कमी. देवगावला तिनं बी.ए. केलं होतं, पुढं बी.एड. करायचं होतं, एवढं एकदा तिच्या बोलण्यातून कळलं. नवऱ्याबद्दल विचारलं तर "वाईट नाय हो," म्हणायची आणि तारेकडं बघायची. मी फार खोलात गेले नाही. मला सासूबाईंच्या बातम्या हव्या होत्या.

या जानेवारीतल्या एका शनिवारी मी फार खुशीत होते. तिनं भूप पहिल्यांदा सलग वाजवला होता. मला वाटलं, आता हिला सांगायला हरकत नाही. मी तिला सगळं सांगितलं. पोहे, शेंगदाणे, उंबरा, आणि लग्नात मी मुद्दाम कशी थांबले, तिच्या सासूच्या तोंडून ते कसं वदवून घेतलं. नक्कल करून सांगितलं. हात जोडून, बांगड्या वाजवून.

ती हसली नाही.

"मुद्दाम थांबला होतात, हे मला तवाच कळलं होतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, माझ्यासाठी थांबलात."

मला समजलं नाही.

"साखरपुड्यापासून घरात नुसती बोलाबोली, ताई. हो म्हण म्हणून वडील रडून सांगायले, आत्या सांगायली, मामा सांगायला. मला विचारच करता येईना. म्हणून मी म्हनलं, किमान बँड तरी नको. आन् तिथं पाटावर एकदम सगळं गप झालं. कुणीच काही बोलंना. तवा मला पहिल्यांदा नीट विचार करता आला." तिनं तारेवरचं बोट काढलं. "मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हात दाबून धरले होते. मला वाटलं, ह्या बाईला कळलंय. मी पाय खाली टाकला होता, ताई. मी उतरायले होते."

खोलीत कूलर नव्हता, काही नव्हतं. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

"मामानं दंड धरला, पण मी सोडवून घेतला असता," ती म्हणाली. "तेवढ्यात तुमचं सुरू झालं."

मी पिशवीतून चावी काढली, जुळलेल्याच तारेला उगाच पीळ दिला, ती चढली, परत उतरवली. तिनं हार्प खांद्याला टेकवला, पाठ ताठ केली, दोन्ही हात तारांपाशी नेले आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "वाजवू, ताई?"

ती तशीच तारांपाशी हात धरून बसली होती, आणि माझ्या तोंडून 'वाजव' निघत नव्हतं.